रिपोर्टमधले ‘७० टक्के ब्लॉकेज’

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या साधारण २ ते ४ मिलिमीटर रुंद असतात. रिपोर्टमधले ‘७० टक्के’ या रुंदीबद्दल असतात. ३ मिलिमीटरच्या धमनीत ०.९ मिलिमीटर वाट उरली, की क्षेत्रफळ जेमतेम ९ टक्के राहते. तरी बसल्या जागी काही जाणवत नाही, कारण पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावून तूट भरून काढतात. जिना चढताना ही शिल्लक संपते आणि छाती आवळते. म्हणूनच आराम करताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तरी तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेत डाय सोडून काढलेल्या हृदयाच्या सीटी स्कॅनमध्ये, धमनीची पोकळी आणि भिंत दोन्ही दिसतात. अडचण एकच, हृदय थांबत नाही. नाडी ६० च्या आसपास असेल, तर दोन ठोक्यांच्या मध्ये ते क्षणभर स्थिरावते आणि फोटो तेव्हाच टिपायचा असतो. ९० वर तो क्षण जवळपास नाहीसा होतो. म्हणून आधी चहा-कॉफी बंद, गरज पडल्यास नाडी मंदावणारी मेटोप्रोलॉलची गोळी (दमा असेल तर आधीच सांगा). धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी नुकतीच घेतली असेल, तर ते लपवू नये. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक घसरतो. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन पाहून मग कोपराजवळच्या शिरेतून सेकंदाला सुमारे ५ मिलिलिटर वेगाने आयोडीनयुक्त डाय सोडतात. अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखेही वाटते, घाबरू नये. श्वास ५ ते १० सेकंद रोखायचा. तो मध्येच सुटला, तर सलग धमनी चित्रात पायरीसारखी तुटून सरकलेली दिसते.

कॅल्शियमचा त्रास वेगळाच. साठलेला चुना सीटीत असतो त्यापेक्षा फुगून दिसतो, त्यामुळे अडथळाही मोठा वाटतो. ३ मिलिमीटरपेक्षा लहान स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीच्या नळीच्या) आतलेही नीट दिसत नाही. धमन्या स्वच्छ आहेत, हे सांगण्यात सीटी पक्की. अडथळा नेमका किती, यात ती चुकू शकते.

अशा वेळी प्रश्न उरतो तो रक्त कमी पडते का, हा. त्यासाठी स्ट्रेस थॅलियम, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेत देऊन श्रमानंतर आणि विश्रांतीत हृदयाच्या स्नायूचे चित्र काढणारी चाचणी. नाव जुनेच राहिले, आता थॅलियमऐवजी बहुधा टेक्निशियम हे द्रव्य वापरतात. श्रमानंतरच्या चित्रात फिका आणि विश्रांतीत भरलेला भाग म्हणजे तिथला स्नायू जिवंत आहे, पण श्रमात उपाशी राहतो. मात्र ही चाचणी एका भागाची दुसऱ्याशी तुलना करते. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळे हृदय एकसारखे फिके होते आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.