खुब्याचा एमआरआय: एक्सरे नॉर्मल असताना कशाला, आणि दोन्ही बाजूंचा कशाला?

काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतं, एक्सरे तर नॉर्मल आलाय मग डॉक्टरांनी एमआरआय का लिहिला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न, दुखतो उजवा खुबा तर तुम्ही डावा पण का काढता. उभ्या उभ्या समजावण्यात पुढच्या पेशंटची वेळ निघून जाते, म्हणून हे लिहून ठेवलंय. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या वाचा, सोबत आलेल्यांनाही वाचू द्या.

हा एमआरआय एव्हीएनच्या (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) शंकेने लिहितात, ते काय असतं ते डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्यात फिरतो, त्याला रक्त नेणाऱ्या नळ्या बारीक असतात, तो पुरवठा तुटला की आतलं हाड मरतं. खुब्याचं फ्रॅक्चर, गोळा निखळणं, स्टिरॉइडचा कोर्स, जास्त दारू ही नेहमीची कारणं आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या पेशंटमध्येही हे दिसलं, 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी तशा केसेस नोंदवल्या होत्या.

आता एक्सरेचं. हाड मेलं म्हणून लगेच त्याचा आकार बदलत नाही, त्यातलं कॅल्शियम जागच्या जागी असतं, त्यामुळे सुरुवातीला एक्सरेत गोळा अगदी गोल गुळगुळीत दिसतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. तो रिपोर्ट खोटा नाही, पण दुखणं नाही असा त्याचा अर्थ होत नाही. एक्सरेत चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसायला लागते तेव्हा वरच्या सालीखालचं हाड तुटायला लागलेलं असतं, म्हणजे उशीर झालेला असतो. एमआरआय हाडाच्या आतली मज्जा दाखवतो, मेलेल्या आणि जिवंत भागाच्या मधली पट्टी त्यात स्पष्ट उठून दिसते, म्हणून पहिल्या स्टेजला तोच कामाचा. गोळा चपटा व्हायच्या आधी कळलं तर डॉक्टरांच्या हातात ड्रिलिंगसारखे (हाडात भोक पाडणं) गोळा वाचवायचे उपाय असतात, चपटा झाल्यावर बहुतेक वेळा सांधा बदलण्यावर गोष्ट येते.

तरी एक्सरे आधी काढाच, तो आम्हीसुद्धा मागतो. समोरून दोन्ही खुबे आणि पाय बेडकासारखे फाकवून घेतलेला असे दोन्ही, नुसता समोरचा आणला तर पुन्हा काढावा लागतो. एक्सरेतच गोळा खचलेला स्पष्ट दिसत असेल तर त्या बाजूचा एमआरआय हवाच का, हे आधी डॉक्टरांना विचारा असं आम्ही स्वतःहून सांगतो.

सीटी करू का, स्वस्त पडेल, असंही विचारतात. सीटीत तुटलेलं आणि खचलेलं हाड छान दिसतं, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तो मुद्दाम मागवतात, पण सुरुवातीचं एव्हीएन त्यात निसटू शकतं आणि रेडिएशन वेगळंच. बोन स्कॅन हा एमआरआय जमत नसलेल्यांसाठी पर्याय, त्यातही छोटी जागा सुटू शकते.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतो ते, एकच बाजू काढा म्हणणं. मार लागून नाही तर स्टिरॉइड, दारू किंवा सिकलसेलमुळे झालं असेल तर निम्म्याहून जास्त लोकांत दोन्ही खुब्यांत सापडतं, आणि दुसरी बाजू बरेचदा काहीच दुखत नसते! मागे गडचिरोलीकडचा एक ड्रायव्हर भाऊ आला, तिशीतला. दुसरीकडे हट्टाने फक्त उजवा काढून घेतलेला, चार महिन्यांनी डावा दुखायला लागला म्हणून आमच्याकडे आला तर डावा गोळा खचलेला. तोच गोळा चार महिने आधी फिल्मवर दिसला असता तर काय करता आलं असतं, हे त्याच्या घरच्यांना समजावताना आम्हाला खूप वाईट वाटलं. म्हणून आमच्याकडे खुब्याच्या एमआरआयमध्ये दोन्ही खुबे एकाच फ्रेममध्ये येतात, चार्ज एकाच भागाचा, आणि बिल वाढवायला दुसरी बाजू घुसवतात असं कुणाला वाटत असेल तर बिल नीट बघा. रिपोर्टमध्ये किती टक्के गोळा खराब आहे, वरचा पृष्ठभाग खचलाय का, सांध्यात पाणी आहे का हे दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

अजून एक. खुब्याचं दुखणं बरेचदा जांघेत, मांडीत, कधी गुडघ्यात जाणवतं, आणि लोक गुडघ्याचा एमआरआय करून नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी जातात. मांडी घालून बसता येत नसेल, उकिडवं बसताना जांघेत कळ येत असेल तर चिठ्ठीवर काय लिहिलंय ते एकदा डॉक्टरांना विचारून घ्या, आमच्या टेक्निशियनलाही सांगा, तो डॉक्टरांना फोन करून विचारतो.

स्कॅनला अर्धा तास धरून चला. रंगाचं इंजेक्शन साध्या एव्हीएनसाठी सहसा लागत नाही, कुणी म्हणालं तर कारण विचारा. पेसमेकर, कानातलं मशीन, डोक्यात क्लिप असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मांडीत स्क्रू किंवा रॉड असेल तर ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आणा, धातूमुळे चित्र खराब होतं म्हणून सेटिंग वेगळी लावावी लागते आणि वेळ जास्त लागतो. जुने एक्सरे, जुन्या सीडी, सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही सोबत असू द्या, घरी ठेवून आलात तर आम्हाला तुलना करता येत नाही आणि तुम्हाला गडचिरोलीहून पुन्हा एक चक्कर पडते.