स्प्रिंग नव्हे, आधी शॉकअप

यवतमाळ, वर्धा, अकोला या पट्ट्यात डांबरी रस्ता कितीही चांगला केला तरी काही पावसाळ्यांत तो लाटा धरतो. खड्डे वेगळे, लाटा वेगळ्या. खड्डा दिसतो, चुकवता येतो. लाट डोळ्यांना दिसतच नाही. रस्ता सपाट वाटतो, आणि ऐंशीचा वेग धरला की मागच्या सीटवरची मंडळी एका तालात माना डोलवायला लागतात.

दोष ठेकेदाराचा असतोही, पण सगळा नाही. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातलं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आक्रसते. मे महिन्यात कपाशीच्या रिकाम्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रस्त्याच्या मधोमध डांबराखाली ओल बऱ्यापैकी टिकून राहते, कडेची माती मात्र दर ऋतूत वरखाली होते. मुरमाचा जाड थर घालून हे आटोक्यात ठेवतात. जिथे थर पातळ, तिथे लाट. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या पट्ट्यात माती वेगळी, म्हणून हा त्रास तिकडे कमी.

आता या रस्त्यावर एखादी जुनी पण जोरदार गाडी आणा. तालुक्याच्या गावांतही अशा गाड्या दिसतात: शहरातल्या हौशी मालकाकडून सेकंडहँड घेतलेली २००४-०५ च्या सुमाराची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, किंवा १.६ लिटरची फियाट पॅलिओ, फोर्ड आयकॉन. ऑक्टाव्हियाचं १.८ लिटरचं टर्बो इंजिन १५० अश्वशक्तीचं, नीट राखलं असेल तर आजही मस्त पळतं. सैल पडतं ते मागचं अंग. लाटेवर ढुंगण उडतं, ब्रेकरवर धाडकन आवाज येतो, वळणावर मागचा भाग उशिरा सावरतो. गॅरेजमध्ये गेलं की सल्ला ठरलेला: “शॉकअप कायले बदलवता भाऊ, कडक स्प्रिंगा टाका न, गाडी हालतच नाही मंग.” सोबत गाडी दोन बोटं खाली बसवण्याचं आमिषही असतं. हा सल्ला का चुकतो हे समजायला थोडं गणित लागतं, पण ते आठवीच्या वरचं नाही.

या तिन्ही गाड्यांच्या मागे एकाच जातीची रचना आहे, ट्विस्ट बीम. दोन्ही चाकांना धरणारे दोन लोखंडी हात, त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी, आणि सगळ्याला बॉडीशी बांधणारे पुढचे दोन रबरी बुश. १९७४ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये आणि ऑडी ५० मध्ये ही रचना आली आणि लहान गाड्यांत जगभर पसरली, कारण स्वस्त, हलकी आणि डिकीला जागा सोडणारी. आडवी पट्टी वाकायला कडक असते पण पिळायला मऊ. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं थोडंसंच ओढलं जातं. ऑक्टाव्हियात स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेले आहेत, त्याचा फायदा पुढे दिसेल.

स्प्रिंगवर टेकलेल्या कुठल्याही वजनाची वरखाली होण्याची स्वतःची एक वारंवारता असते. गाडीच्या बाबतीत ती सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा, म्हणजे १ ते १.५ हर्ट्झ ठेवतात. माणूस चालताना सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, म्हणून एवढी संथ हालचाल अंगाला सोसते. याउलट ४ ते ८ हर्ट्झची उभी थरथर पोटात ढवळते, कारण धडातले अवयव त्याच सुमाराला झोके घेतात.

मागच्या बाजूची वारंवारता १.३ हर्ट्झ धरू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. रस्त्याच्या लाटा १७ मीटरांच्या अंतराने असतील तर गाडीला सेकंदाला बरोबर १.३ धक्के बसतात. झोपाळ्याला त्याच्या तालात ढकललं की तो चढत जातो, तसंच हे. विज्ञानात याला अनुनाद म्हणतात. साठवर आलात तर तोच त्रास १३ मीटरांच्या लाटा देतील. काळ्या मातीवरच्या रस्त्यावर सगळ्या लांबीच्या लाटा मिसळलेल्या असतात, त्यामुळे कुठल्याही वेगाला कुठली तरी लाट जुळतेच. वेग बदलून सुटका नाही.

अनुनादाला लगाम घालणारी गाडीतली एकच वस्तू म्हणजे शॉकअप. नाव शॉक ॲब्सॉर्बर असलं तरी धक्का गिळते स्प्रिंग. शॉकअपचं काम ती हालचाल शमवण्याचं. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्यात बारीक भोकं आणि पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्यातून जबरदस्तीने ढकललं जातं, हालचालीची ऊर्जा उष्णता होते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. वाईट रस्त्यावर दहा मिनिटं चालवून शॉकअपला हात लावून पाहा, पत्रा तापलेला असतो. (मे महिन्याच्या दुपारी हा प्रयोग करू नका, तेव्हा डांबरही साठ अंशांच्या वर असतं आणि काहीच कळत नाही.)

शमवण्याची ताकद अवमंदन गुणोत्तराने मोजतात. शून्य म्हणजे हालचाल थांबतच नाही, एक म्हणजे झोका न घेताच परत येते. साध्या गाड्यांत ते ०.२ ते ०.४ असतं. ०.३ धरलं, तर अनुनादात २ सेंटिमीटरची लाट बॉडीला जवळजवळ ४ सेंटिमीटर हलवते. शॉकअप निम्मा थकला आणि गुणोत्तर ०.१५ वर आलं, तर तीच लाट ७ सेंटिमीटर हलवते. लाट संपल्यावरचा हिशेबही पाहा: चांगला शॉकअप एका झोक्यात हालचाल १४ टक्क्यांवर आणतो, थकलेला ३९ टक्क्यांवर. ती विरण्याआधीच पुढची लाट येते.

आता कडक स्प्रिंग टाकू. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की वारंवारता वाढते १४ टक्के. पण अवमंदन गुणोत्तर स्प्रिंगच्या कडकपणावरही ठरतं: शॉकअप तोच असेल तर ते १२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की उडी कमी होत नाही, फक्त जास्त चपळ होते. पहिल्या दिवशी गाडी ताठ वाटते आणि मालक खूश होतो. महिनाभरात तक्रार परत येते.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं नातंही इथे बिघडतं. पुढचं चाक लाटेवर आधी चढतं, मागचं काही क्षणांनी. अडीच मीटरच्या व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि ८० च्या वेगाला हा उशीर सुमारे ०.११ सेकंद. दोन्हीकडची वारंवारता सारखी असेल तर गाडी नाक वर, शेपूट खाली अशी डुलत राहते. जनरल मोटर्समधल्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकात दाखवलं की मागची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडीशी जास्त ठेवली तर मागचं अंग पुढच्याला गाठतं आणि डुलणं मिटतं. कंपनीने ते नातं विचारपूर्वक बसवलेलं असतं. फक्त मागे कडक स्प्रिंग टाकून आपण ते मोडतो.

गावाकडची गाडी भरलेली असते, हाही मुद्दा. मागे तिघं, डिकीत संत्र्यांचे दोन क्रेट आणि लग्नाचा आहेर. मागच्या स्प्रिंगांवर रिकाम्या गाडीत ४६० किलो असेल तर आता ६६० धरा. वारंवारता १.४ वरून १.१७ वर येते, आणि अवमंदन ०.३ वरून ०.२५ वर. गाडी खाली बसल्याने स्प्रिंगला दबायला जागाही कमी उरते. त्यात गाडी आधीच लोअर केलेली असेल, तर प्रत्येक ब्रेकरवर बंपस्टॉप, म्हणजे स्प्रिंग पुरती दबली की बॉडीला अडवणारा रबराचा ठोकळा, आपटतो. तो धाडकन आवाज बहुतेक वेळा त्याचाच.

ब्रेकरचं गणित मला फार आवडतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ब्रेकर १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ ने त्यावरून गेलात तर चाक १० सेंटिमीटर चढायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतं, सरासरी वेग सेकंदाला ०.३८ मीटर. शाळेसमोर गावकऱ्यांनी स्वतः घातलेला ब्रेकर उंचीला तेवढाच, पण रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर. त्याच वेगाला चाकाला २.३ मीटर प्रति सेकंदाने वर जावं लागतं, सहापट वेगाने. थोडं टायर झेलतं, बाकीचं शॉकअपकडे. म्हणून शॉकअप सगळ्या वेगांना सारखाच कडक नको. लाटेवरच्या संथ हालचालीला तो घट्ट हवा, पण झटका आला की झडप उघडून तेलाला वाट मिळाली पाहिजे. चांगल्या शॉकअपचे पैसे या झडपांचे असतात.

पर्याय दोन. साध्या शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात आणि वरच्या भागात हवा किंवा कमी दाबाचा वायू. खडबडीत रस्त्यावर सतत हलून तेलात वायू मिसळला की फेस होतो, आणि फेस दाबायला सोपा, म्हणजे शॉकअप तात्पुरता गेलाच. फ्रेंच संशोधक बूर्सिए द कार्बों यांनी यावर एकनळी शॉकअप काढला: तेल आणि हवेच्या वीसपंचवीस पट दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकणारा एक दट्ट्या, त्यामुळे फेस होत नाही आणि नळी थेट हवेला लागून असल्याने लवकर थंड होते. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने १९५७ पासून तो मर्सिडीजला पुरवला. आपल्या उन्हाळ्यात आणि मुरमाच्या रस्त्यावर एकनळी सरसच, पण एक अडचण आहे. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तर आतला दट्ट्या अडकतो. वावरातून गाडी नेणाऱ्याने चांगल्या कंपनीचा दोननळी गॅस शॉकअप घेतला तरी बिघडत नाही. दोन्ही बाजू मात्र एकदमच बदलायच्या.

शॉकअपनंतर नंबर बुशचा. वीस वर्षांच्या रबराला विदर्भातले वीस उन्हाळे लागलेले असतात, आणि तापमान दहा अंश वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भेगाळलेला बुश बीमला तिरका सरकू देतो. वळणावर मागचं अंग उशिरा सावरतं ते यामुळे. इथे पॉलियुरेथेनचे रंगीत बुश विकले जातात. मी टाकणार नाही. ट्विस्ट बीमच्या बुशला एकाच वेळी फिरावं, पिळावं आणि थोडं सरकावंही लागतं, आणि ऑक्टाव्हियात तर ते वळणावर चाकांची दिशा सावरतील अशा बेताने तिरके बसवलेले आहेत. कडक प्लास्टिक ही लवचीकता मारतं. कंपनीच्या मापाचं रबरच बरं.

मागे जाड अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारी दांडी, टाकण्याचाही सल्ला मिळतो. रेसट्रॅकवर ठीक, पुढून ओढणारी गाडी त्याने वळणात छान शिरते. आपल्या एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की डावी चाकं मुरमात उतरवावी लागतात. जाड बार एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचवतो, आणि ओल्या रस्त्यावर मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर शेपूट फिरू शकतं.

बसवण्याचं काम सोपं आहे. ऑक्टाव्हियात शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघते. फक्त ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाऊ द्यायची नाही. जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा खडूने खूण करून ठेवावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. चाकं हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली ठेवताच रबराला दहा-पंधरा अंशांचा कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुश बघता बघता फाटतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये जॅकवरच आवळून मोकळं होतात. तिथे उभं राहून थांबवावं लागतं, राग आला तरी.

स्प्रिंग शेवटी. दोन्ही बाजूंची उंची मोजा. एक बाजू बसली असेल किंवा रिकामी गाडीच बंपस्टॉपला टेकत असेल तर बदला, मूळ उंचीच्या आणि जास्तीत जास्त दहा-पंधरा टक्के कडक. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणी नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी लागते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याच्या विरोधात आहे. खाली बसवलेली गाडी तिथे डोळ्यांत भरते.

काम झाल्यावर फरक मोजता येतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप मोबाइलमध्ये घ्या, मोबाइल डिकीच्या तळाला चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि कामाआधी व नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढीच माणसं घेऊन फिरा. वारंवारतेच्या आलेखात १.३ हर्ट्झच्या आसपासचा सुळका नव्या शॉकअपने बुटका व्हायला हवा. तो बुटका झाला पण १० ते १२ हर्ट्झजवळ दुसरा दिसत असेल, तर ते चाकांचं उडणं आहे: आधी टायरमधली हवा तपासा, मग टायरवर हात फिरवून खळगे पडलेत का पाहा. जुन्या शॉकअपवर झिजलेलं टायर नव्या शॉकअपवरही तसंच गुरगुरतं.