पळीएवढं बेट आणि त्यावरचा दारूगोळा

न्यूयॉर्कहून हडसनच्या काठाकाठाने उत्तरेला जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात तर डावीकडची खिडकी धरा. कोल्ड स्प्रिंग मागे पडलं की बीकनच्या अलीकडे नदीत एक पडका किल्ला दिसतो. छप्पर गेलेलं, खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतंय, आणि भिंतीवर भलीमोठी अक्षरं: ‘बॅनरमन्स आयलंड आर्सेनल’. राजा-बिजा इथे कधीच नांदला नाही. हे एका जुन्या बाजारवाल्याचं गोदाम.

बेटाचं नाव पोलेपेल, क्षेत्रफळ जेमतेम साडेसहा एकर. डच भाषेत पोलेपेल म्हणजे ढवळायची लाकडी पळी. (आपल्या पळीशी नातं जोडायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.) अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची जहाजं अडवायला या बेटापासून पश्चिम काठापर्यंत लोखंडी टोकांचे ओंडके नदीत रोवले होते. 1777 मध्ये इंग्रज त्यांतूनही पार झाले. त्यानंतर सव्वाशे वर्षं बेटाकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

फ्रान्सिस बॅनरमनचा जन्म 1851 चा, स्कॉटलंडमधल्या डंडीचा. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि पुढे ब्रुकलिनमध्ये स्थिरावलं. बाप नौदलाच्या लिलावातला माल घेऊन विकायचा. पोरगा बंदरातल्या गाळात गळ टाकून दोरखंड आणि भंगार काढायचा. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, सरकारने बंदुका, खोगिरं, गणवेश लिलावात काढले, आणि या घराण्याचं नशीब उघडलं. 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर जप्त मालापैकी सुमारे 90 टक्के माल बॅनरमनने उचलला. त्यात काडतुसांचे ढीगच्या ढीग. एवढी दारू भर शहरात ठेवू कोण देणार?

त्याच्या मुलाला होडीतून फिरताना हे बेट दिसलं आणि 1900 मध्ये बापाने ते विकत घेतलं. पुढच्या वर्षी बांधकाम सुरू झालं. वास्तुविशारद नाही, मालक स्वतः कागदावर रेघोट्या मारायचा आणि गवंडी त्यातून अर्थ काढायचे. स्कॉटिश किल्ल्यांची हौस त्यात दिसते, पण मला त्याहून जास्त त्याचा दुकानदारी डोळा दिसतो. नाव कोरलं ते रूळ असलेल्या बाजूला. रोज शेकडो प्रवासी फुकटात पाटी वाचणार!

राहतं घर निराळं, वर टेकाडावर. तेही किल्ल्याच्याच धाटणीचं, पण गोदामाच्या मानाने लहान. उन्हाळ्यात कुटुंब तिथे राहायला यायचं. पत्नी हेलनने खडकात पायवाटा आणि बागा उभ्या केल्या. खाली दारूची कोठारं आणि वर फुलझाडं, असा हा संसार.

1918 मध्ये बॅनरमन गेला आणि बांधकाम थांबलं. 1920 च्या ऑगस्टमध्ये कोठारातले 200 टन तोफगोळे आणि दारू उडाली. भिंतीचा तुकडा पलीकडच्या काठावरच्या रुळांपर्यंत फेकला गेला. धंदा तरीही रेटला गेला, पण त्यातला जीव ओसरत चालला होता. 1950 च्या वादळात ये-जा करणारी बोट बुडाली. तिचं नावही पोलेपेलच. त्यानंतर बेट जवळपास ओस पडलं.

1967 मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते घेतलं. उरलासुरला दारूगोळा हलवला, लोकांना फिरवायलाही सुरुवात झाली. आणि 8 ऑगस्ट 1969 च्या आगीत छपरं आणि मजले जळून गेले. मग बेटाला टाळंच लागलं. 1993 मध्ये डागडुजीसाठी एक न्यास स्थापन झाला, तरी 2009 च्या डिसेंबरमध्ये गोदामाच्या भिंतींचा मोठा भाग ढासळलाच. उरलेल्या भिंतींना आता लोखंडी टेकू आहेत.

टेकाडावरच्या घरावर मात्र पुन्हा छप्पर चढलंय. उन्हाळ्यात बीकनहून बोट सुटते, स्वयंसेवक हेलनच्या बागेतलं तण काढतात, आणि घरात बॅनरमनच्या धंद्याचं छोटं प्रदर्शन मांडलेलं असतं.