सागरी कवचांचे वय आणि बेरिलियमचे बदललेले अर्धायुष्य

सागरी पर्वतांच्या उघड्या खडकावर चढणारे लोह-मँगनीजचे कवच दर 10 लाख वर्षांत साधारण 1 ते 10 मिमी वाढते. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या 1872-76 च्या सफरीपासून मँगनीजचे गोटे माहीत होते. पुढे वयासाठी थोरियम-230 वापरात आले, पण त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे 75,600 वर्षेच, त्यामुळे ते वरच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच संपते. त्याखालच्या थरांसाठी बेरिलियम-10 लागते. हा समस्थानिक वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होतो आणि त्वरकाला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजता येतो.

कवच वरून एकेक मिलिमीटर खरवडायचे, भुकटी आम्लात विरघळवायची आणि बेरिलियम-10 चे साध्या बेरिलियम-9 शी प्रमाण काढायचे. खोलीबरोबर ते जसे घटत जाते, त्यावरून थराचे वय ठरते. पॅसिफिकमधल्या कवचांच्या पृष्ठभागावर ते एक कोटीस एक या पातळीचे असते. त्वरकासाठी द्रावणात बाहेरून बेरिलियम-9 मिसळावे लागते. मूळ बेरिलियम-9 मोजायचा वाटा त्याआधीच बाजूला काढला नाही तर नमुना वाया गेला. बोरॉन-10 चे वस्तुमान जवळपास तेवढेच असल्याने तोही नीट काढून टाकावा लागतो. कवचाचा पृष्ठभाग द्राक्षाच्या घडासारखा उंचसखल असेल, तर सपाट खरवडताना एकाच भुकटीत वेगवेगळ्या वयाचे थर येतात आणि आलेख खोटाच गुळगुळीत दिसतो.

खरा घोळ अर्धायुष्याचा. अनेक वर्षे 15.1 लाख हा आकडा चालला. 2007 मध्ये 13.6 लाख पुढे आला आणि 2010 मध्ये दोन गटांच्या मोजणीतून 13.87 लाख (अधिक-उणे 12 हजार) ठरला. फरक किती, ते पाहा. 20 मिमी खोलीवर प्रमाण पृष्ठभागाच्या बत्तिसाव्या भागावर आले, म्हणजे पाच अर्धायुष्ये उलटली. जुन्या आकड्याने तो थर 75.5 लाख वर्षांचा, नव्याने 69.4 लाखांचा. वाढीचा वेग दर 10 लाख वर्षांत 2.65 मिमीवरून 2.88 मिमीवर जातो. वय सरसकट 8 टक्क्यांनी घटते. मोजणीच्या प्रमाण-नमुन्याचे (यंत्राची मोजणी ज्याच्याशी ताडून पाहतात त्या ठरावीक नमुन्याचे) मूल्यही याच सुमारास बदलले आणि दोन्ही दुरुस्त्यांची अजून गल्लत होते. प्रमाण-नमुन्याच्या चुकीने सगळे बिंदू एकाच पटीत सरकतात, उतार तोच राहतो. वय हलवते ते अर्धायुष्य.

पॅसिफिकमधल्या एका कवचात 2004 मध्ये ताऱ्याच्या स्फोटातून आलेले लोह-60 सापडले. तो थर तेव्हा 28 लाख वर्षांचा मानला होता, नव्या हिशेबाने सुमारे 26 लाखांचा होतो. लोह-60 चे स्वतःचे अर्धायुष्यही 2009 मध्ये 14.9 वरून 26.2 लाखांवर गेले, पण त्याचा परिणाम थराच्या वयावर नाही, मूळ लोह किती होते या अंदाजावर होतो.

बेरिलियमही कोटभर वर्षांपलीकडे चालत नाही. तिथे कोबाल्टच्या प्रमाणावरून वेग काढायचे 1988 चे सूत्र वापरले जाते. ते स्वस्त आहे, पण वाढ मध्ये थांबली असेल तर ते त्याला दिसत नाही. स्ट्रॉन्शियमचा उपयोग नाही, कारण कवचातले स्ट्रॉन्शियम समुद्राच्या पाण्याशी अदलाबदल करत राहते. ऑस्मियमच्या समस्थानिकांच्या प्रमाणाचा आलेख समुद्राच्या ज्ञात आलेखाशी जुळवल्यावर 2005 मध्ये मध्य पॅसिफिकमधल्या एका कवचाचा तळ सुमारे 5 कोटींऐवजी 7 कोटींहून जुना निघाला. मध्ये वाढ थांबल्याचा काळ बाकीच्या पद्धतींनी सरळ रेषेत बुजवून टाकला होता.