घरात सज्ञान दिव्यांगाला सांभाळताय? कोणते अर्ज करायचे, कुठे आणि कशासोबत

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. शेजारी चटईवर तिचा 32 वर्षांचा मतिमंद मुलगा. त्याला भरवणं, आंघोळ घालणं, कपडे बदलणं सगळं तिच्याकडेच. मध्येच हात धुऊन उठायचं, परत येऊन दोरा बांधायचा. अशा घरांसाठी ही माहिती लिहितोय. एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: खालची मदत सांभाळणाऱ्याच्या नावाने नाही, ज्याला सांभाळता त्याच्या नावाने मिळते. म्हणून कागद आधी त्याचे जमवा.

सुरुवात यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रापासून. त्यासाठीच्या स्वावलंबन पोर्टलवर (सरकारी वेबसाइटवर) नातेवाईकही अर्ज भरू शकतात. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचारांचे जुने कागद लागतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं तरच पुढचे बहुतेक दरवाजे उघडतात. 40 पासून पिवळं कार्ड, 80 पासून निळं. तपासणीला सिव्हिलमध्ये नेणार असाल तर सकाळी लवकर निघा, सोबत दुसरं माणूस घ्या आणि खाण्याचा डबा विसरू नका.

कार्ड हातात आलं की संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत. म्हणजे महिन्याला जेमतेम 4,166 रुपये! घरात एक जण जरी रोज कामावर जात असला तरी हा आकडा ओलांडला जातो. ही मर्यादा वाढायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. दिव्यांग लाभार्थ्याला पूर्वी महिना 1,500 मिळायचे, 2025 मध्ये ते 2,500 झाले. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. सोबत उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र आणि आधार जोडलेलं बँक पासबुक. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित कागद: कायदेशीर पालकत्व. मूल 18 चं झालं की कायद्याने ते सज्ञान. आई असली तरी त्याच्या वतीने सही करायचा हक्क आपोआप राहत नाही. या मावशीला एका बँकेने ‘मुलाची सही आणा’ म्हणून दोनदा परत पाठवलं. ज्याला पेन धरता येत नाही, त्याची सही कुठून आणायची?

त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 आहे. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच अवस्थांना तो लागू होतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे ‘नमुना अ’ मध्ये अर्ज करायचा. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. पालक होणाऱ्याचे आणि मुलाचे फोटो, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, मुलाच्या वयाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याच्या नावावर काही मालमत्ता असेल तर तिचा तपशील जोडा. आईवडील हयात असताना दुसरं कोणी पालक होणार असेल, तर त्यांची संमतीही लागते.

पालक नेमल्यावर जबाबदारी सुरू होते. 6 महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर 3 महिन्यांत हिशेब. वहीत तारीखवार लिहीत गेलात तर जड जात नाही. अर्धांगवायू किंवा मानसिक आजार असलेल्यांना ही समिती पालक देत नाही. त्यांच्यासाठी दिव्यांग हक्क कायदा 2016 मधली मर्यादित पालकत्वाची (ठरावीक निर्णयांपुरत्या पालकत्वाची) तरतूद वेगळी आहे.

याच चार अवस्थांसाठी निरामय आरोग्य विमाही आहे. वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही येतो. पालकत्वाचे कागद हलवाल तेव्हाच त्याचाही अर्ज भरून टाका, कागद जवळपास तेच असतात. आणि प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह मागून घ्या. ती मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका.