नाष्ट्याला क्विनोआ नेताय? मग एवढं वाचूनच जावा

आमच्या दुकानातनं पाकीट नेल्यावर परत येऊन बरेच जण एकच तक्रार करतात, "कडू लागतंय हो, माल जुना आहे काय?" माल जुना नसतो, नीट धुतलेला नसतो. क्विनोआच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडसर थर असतो, पाखरांनी शेतात दाणे फस्त करू नयेत म्हणून झाडानंच केलेली सोय आहे ती, आणि कारखान्यात साफ होऊन आला तरी थोडा थर उरतोच. म्हणून तांदळासारखं एकदा पाणी फिरवून भागत नाही. दाणे बारीक असल्यामुळं मोठ्या चाळणीतनं निम्मे मोरीत जातात, तेव्हा चहाची मोठी गाळणी घ्या नाहीतर सुती फडकं. नळाखाली धरून हातानं चांगलं चोळा, साबणासारखा फेस येईल, घाबरू नका, तोच तो थर. फेस यायचा थांबला की झालं. एक दाणा चावून बघा, कडू लागला तर अजून एकदा धुवा.

आता हे आहे तरी काय, असं काउंटरवर रोज कोणीतरी विचारतंच. मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगराचं, पेरू-बोलिव्हियाकडचं, तिथले लोक हजारो वर्षं खात आलेत. 2013 साल युनोनं क्विनोआ वर्ष म्हणून साजरं केलं आणि मग जगभर नाव झालं, आता राजस्थानातही पीक घेतात. गहू-ज्वारीसारखं हे गवताच्या जातीचं धान्य नाही, आपण ज्याची ताकातली पातळ भाजी करतो त्या चाकवताचा हा सख्खा भाऊ, आणि राजगिराही त्याच घराण्यातला. त्यामुळं लई परकं काही समजू नका.

नाष्ट्याला कसं करायचं?

माणशी पाव कप कोरडा क्विनोआ बास, शिजून तिप्पट होतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी भांडंभर लावू नये. एक कपाला दोन कप पाणी, चिमूटभर मीठ, उकळी आली की गॅस बारीक करून झाकण ठेवा, पंधरा मिनिटांत पाणी आटतं. शिजला का ते दाणाच सांगतो, मधनं पारदर्शक होतो आणि कडेनं पांढरी बारीक शेपटी सुटून गोल वळते. शेपटी दिसली की गॅस बंद, पाच मिनिटं झाकूनच ठेवा, लगेच ढवळाढवळ केली तर गिचका होतो. सकाळी डब्याची घाई असेल तर रात्रीच शिजवून फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस आरामात टिकतो.

गोड हवं असेल तर आधी पाण्यातच शिजवायचा, थेट दुधात टाकला की दाणा मऊ व्हायला वेळ लागतो आणि तोवर दूध खाली लागतं. शिजल्यावर म्हशीचं दूध घाला, घट्ट असेल तर थोडं पाणी मिसळा, एक उकळी काढा, वेलदोडा, दोन खजूर, केळ्याचे काप. गूळ मात्र गॅस बंद करून दूध जरा कोमट झाल्यावरच, उकळत्या दुधात टाकला की नासलंच म्हणून समजा. कोल्हापुरात राहून साखर घालणाऱ्याला आम्ही काही बोलत नाही, पण गूळच घाला.

तिखट खाणाऱ्यांनी उपीट करतो तशी फोडणी द्यावी, कांदा, मटार, गाजर, वर लिंबू आणि आपली कांदा-लसूण चटणी. मिसळीत फरसाणाऐवजी क्विनोआ घालून बघू का, असंही एकानं विचारलं होतं. नको. मिसळ मिसळीच्या जागी राहू द्या.

फायदा किती, तेही खरं सांगतो. 100 ग्रॅम कोरड्या क्विनोआत साधारण 14 ग्रॅम प्रोटीन असतं, तांदळाच्या दुप्पट, आणि शरीराला अन्नातनंच घ्यावी लागणारी नऊच्या नऊ अमायनो ॲसिड (प्रोटीनचे घटक) त्यात आहेत, फायबर 7 ग्रॅमच्या आसपास. मॅग्नेशियम, लोहही चांगलं. पण कॅलरी तांदळाएवढ्याच आहेत बरं का, 100 ग्रॅमला 370 च्या घरात, त्यामुळं वजन कमी करायचंय म्हणून वाडगा भरभरून खाल्ला तर काटा तिथंच राहणार. शुगरवाल्यांनी पण प्रमाणातच खावा, भातापेक्षा साखर हळू चढते एवढंच, चढतच नाही असं नाही, आणि गूळ-खजूर घातला तर ते वेगळं धरा. कॅल्शियम पाहिजे असेल तर नाचणीच घ्या, त्या बाबतीत क्विनोआ तिच्या जवळपाससुद्धा येत नाही आणि नाचणी स्वस्त पण पडते. किडनी स्टोन होतात त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावा, यात ऑक्झलेट असतं.

क्विनोआत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रोटीन, नसतं, मात्र आमच्याकडं त्याच खोलीत रवा आणि गव्हाचं पीठही पॅक होतं, तेव्हा घरात कोणाला गव्हाचं कडक पथ्य असेल तर सुटं न घेता कंपनीचं सीलबंद, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकीट मागा.

पांढरा, लाल, काळा असे तीन रंग येतात. नाष्ट्याला पांढराच बरा, लवकर मऊ होतो, लाल-काळा जरा कुरकुरीत राहतो, सॅलडला चांगला. आणि आपल्याकडचा पावसाळा माहीत आहेच, पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, जून ते सप्टेंबर फ्रीजमध्ये ठेवला तर उत्तमच, दाण्यात तेलाचा अंश असतो म्हणून ओल लागून खवट होतो. न फोडलेलं पाकीट खवट निघालं तर बिलासकट घेऊन या, बदलून देतो.