शिरस्त्राणाच्या जाळीवरील मायावरण पट्ट्या

पोलादी शिरस्त्राणावर ताणून बसवलेल्या जाळीत रंगवलेल्या तागाच्या कापडाच्या अरुंद पट्ट्या ओवून किंवा गाठवून शिरस्त्राणाची कड, चकाकी आणि सावली मोडण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व राष्ट्रकुल सैन्यांत ती सर्वाधिक रूढ होती. आज जुनी हेल्मेटे जमवणारे, संग्रहालयांसाठी त्यांची डागडुजी करणारे आणि ऐतिहासिक लढायांची प्रात्यक्षिके करणारे ती जपून आहेत. मराठी सैनिकी लेखनात ‘मायावरण’ व ‘छद्मावरण’ असे दोन्ही शब्द चालतात. बोलण्यात मात्र ‘कॅमोफ्लाज’च.

संज्ञा : या पट्ट्यांना इंग्रजीत ‘स्क्रिम’ म्हणतात. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस गादीकामातील अस्तराच्या विरळ कापडासाठी आढळतो. त्याची व्युत्पत्ती कोशकार अज्ञात मानतात. पुढे तो रंगभूमीवरील झिरझिरीत पडद्याला लागला आणि सैन्यात जाळीला बांधायच्या पट्टीला. कापडाचे नाव ‘हेसियन’. ते जर्मनीतील हेस प्रदेशावरून आले, एवढ्यावर एकमत आहे. तेथील सैनिकांच्या जाड्याभरड्या गणवेशावरून ते पडले असे सर्रास सांगितले जाते. त्या प्रदेशातून येणाऱ्या भरड कापडाचे ते व्यापारी नाव असावे, हे स्पष्टीकरण अधिक साधे आणि म्हणून अधिक ग्राह्य वाटते. इंग्रजी ‘गनी’ मात्र आपल्या ‘गोणी’चाच भाऊ आहे. हेसियन आणि गोणपाट दोन्ही तागाचेच, पण गोणपाट जाड सुताचा व जड विणीचा असतो. हा फरक केवळ शब्दांपुरता नाही : धान्याच्या पोत्यातून कापलेली पट्टी बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळीतून ओढताना जाळीच विस्कटते.

उगम : ही पद्धत नेमकी कोठून आली याबद्दल तीन मते आहेत.

पहिले मत तिचा धागा तोफांवरील जाळ्यांशी जोडते. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकार ल्युसियाँ-व्हिक्तोर गिराँ द सेव्होला याच्या पुढाकाराने मायावरणाचा स्वतंत्र विभाग उभारला, आणि ‘कॅमोफ्लाज’ हा शब्द या अर्थाने तेथूनच जगभर गेला. ब्रिटिशांकडे चित्रकार सॉलोमन जे. सॉलोमन याने १९१६ च्या सुमारास याच कामात भाग घेतला. तोफा व खंदक जाळीने झाकण्याच्या कल्पनेचे श्रेय काही लेखक त्याला देतात. फ्रेंच मात्र त्याआधीच जाळ्या वापरत होते असा प्रतिवाद आहे.

दुसरे मत शिरस्त्राणाच्या कापडी आवरणापासून सुरुवात करते. जॉन ब्रॉडी याने १९१५ मध्ये पेटंट घेतलेले पसरट कडेचे हेल्मेट ओले झाले किंवा त्याचा रंग झिजला की चमके. त्यावर खंदकांतच हेसियनची खोळ शिवण्याची चाल पडली. निशाणबाजांनी तर संपूर्ण अंगावर फडक्यांच्या झालरी चढवल्या होत्या. स्कॉटलंडच्या शिकारी रखवालदारांतून उभ्या राहिलेल्या लोव्हाट स्काउट्सचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते.

तिसऱ्या मतानुसार ही १९४० नंतर पलटणींत आपोआप वाढलेली चाल आहे. तोफा व वाहनांवरच्या मोठ्या जाळ्यांसाठी साधारण पाच सेंमी. रुंदीच्या रंगीत पट्ट्यांचे गुंडाळे येत; त्यांचे उरलेले तुकडे आयतेच हाताशी असत. जुन्या हेल्मेटांवरील पट्ट्यांची रुंदी, त्यांचे कडेने उभे फाडलेले काठ आणि एकाच जाळीवर दिसणारे रंगांचे बेमेळ तुकडे पाहता हे मत वस्तूंशी सर्वाधिक जुळते. खोळीची परंपरा त्याला पूरक आहे, विरोधी नाही.

शिरस्त्राणे व जाळ्या : पट्ट्यांची गरज हेल्मेटच्या आकारातून येते. मार्क-२ (१९३८) हे ब्रॉडीच्या परातीसारख्या आकाराचेच, नव्या आतल्या बैठकीचे (डोक्यावर टेकणाऱ्या अस्तराचे) हेल्मेट. त्याची सरळ आडवी कड आणि कडेखालची काळी सावली ही निसर्गात न आढळणारी रेषा असते आणि दुरून डोळा तीच टिपतो. १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या ब्रिटिश व कॅनडियन तुकड्यांपैकी काहींकडे असलेले मार्क-३ कासवाच्या पाठीसारखे, बाजूंनी अधिक खाली उतरणारे. त्याची कड कमी पसरते, म्हणून सावलीही कमी. जाळ्यांचा आस ढोबळमानाने दोन मापांचा आढळतो : सुमारे २५ मिमी. आणि सुमारे १२ मिमी. मोठ्या आसात पट्टी सहज ओवता येते पण सैल राहते. लहान आसात ती घट्ट बसते, मात्र जाडी मावत नाही. जाळी व पोलाद यांच्या मध्ये जखमेवर बांधायची पट्टीची पुडी खोचून ठेवण्याची चाल छायाचित्रांत वारंवार दिसते.

साहित्य : एका हेल्मेटला ३५ ते ५० पट्ट्या पुरतात. सुमारे २५ सेंमी. लांब व २ सेंमी. रुंद अशा ४५ पट्ट्यांना पाव चौरस मीटरहूनही कमी कापड लागते. कापड चौरस मीटरला २५० ते ३५० ग्रॅम वजनाचे असावे. म्हणजे सर्व पट्ट्या मिळून कोरड्या अवस्थेत ७० ग्रॅमच्या आसपास भरतात. निथळत्या भिजल्या की वजन दुपटीच्या पुढे जाते, आणि ते सगळे मानेवर येते.

कापड नवे असेल तर ते आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून खळ व तागावरील तेल काढावे. ताग सुताला चढण्याआधी तेल-पाण्याने मऊ करतात. ते तेल राहिले तर रंग डागाडागांनी बसतो. हिरवा, गडद तपकिरी आणि कापडाचा मूळ रंग अशी तीन रंगांची जोडी बहुतेक ठिकाणी चालते. सुती कापडाचे साधे थेट रंग तागाला लागतात : मीठ घातलेल्या, उकळीच्या खालच्या पाण्यात पाऊण ते एक तास. बाजारातला हिरवा एकट्याने वापरला तर पोपटी दिसतो; त्यात चिमूटभर लाल मिसळला की तो मातकट होतो. तपकिरीसाठी काताचे पाणी उत्तम. वाळवणे सावलीत. हेसियनसारखे दिसणारे कृत्रिम धाग्याचे कापड रंग घेत नाही व उन्हात चकाकते. एक सूत काढून जाळून पाहावे : तागाला जळक्या कागदाचा वास येतो व राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

कृती : पट्ट्या कात्रीने कापण्याऐवजी धाग्याच्या रेषेत फाडाव्यात आणि प्रत्येक काठाचे दोन-तीन उभे धागे उपसून झालर सोडावी. कात्रीची स्वच्छ कड उन्हात रेघेसारखी उठते. लांबी मुद्दाम असमान, १५ ते ३० सेंमी.

जाळी हेल्मेटवर मध्य साधून ओढतात, तिची कड आत वळवतात, नाडी मागच्या बाजूला आवळतात आणि मोकळे टोक आतल्या बैठकीमागे सरकवतात. पट्ट्या जाळी चढवल्यानंतरच बांधाव्यात. टेबलावर पसरलेल्या जाळीत बांधल्या तर ताणल्यावर अंतरे बदलतात आणि माथ्यावर गर्दी होते. हेल्मेट मापाच्या उपड्या पातेल्यावर ठेवले की दोन्ही हात मोकळे राहतात.

सुरुवात कडेपासून. कडेच्या वर दोन-तीन आस सोडून पट्टी जाळीच्या दोन दोऱ्यांखालून ओवतात, दोन्ही टोके वर काढून एकच अर्धगाठ मारतात व ती कडेकडे ओढतात. टोके चार ते सहा सेंमी. लोंबती ठेवायची, कपाळापुढच्या दहा-बारा सेंमी. भागात मात्र दोन सेंमी.हून जास्त नाहीत, नाहीतर नेम धरताना नेमकी एक सुतळी डोळ्यापुढे येते. मधल्या भागात पट्टी आत-बाहेर तिरपी विणतात. सगळ्या एकाच दिशेने गेल्या तर वेगळीच नक्षी उभी राहते. माथ्यावर सहा-आठ पट्ट्या पुरे, त्याही सैल. एकूण आसांपैकी तिसरा हिस्सा उघडा ठेवावा, कारण ताजा पाला खोचण्याची जागा तीच. पट्ट्या हा पाया आहे आणि खरा मेळ पाल्याचा. पाला कोमेजला किंवा त्याची फिकट खालची बाजू वर आली की तोच उलटा उठून दिसतो, म्हणून तो दर काही तासांनी बदलावा लागे.

गाठीबद्दल थोडे अधिक. सुरगाठ काटेरी फांदीत अडकताच सुटते. निरगाठ ओल्या तागावर अशी आवळते की पुढे ती कापावीच लागते आणि कापताना जाळीचा दोरा तुटतो. मोठ्या आसासाठी पट्टी दुमडून तिचा फासा दोरीखालून काढावा व टोके फाशातून ओढावीत. हा प्रकार टिकतो आणि हवा तेव्हा सोडवताही येतो. १२ मिमी. आसात त्याचा गोळा होतो, तेथे अर्धगाठच बरी.

सामान्य दोष : नव्या प्रतिकृतींत हमखास दिसणारा दोष म्हणजे माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखी दाटी आणि कड मात्र उघडी. माथा कितीही भरला तरी कडेची रेषा जशीच्या तशी राहते. छायाचित्रांत चांगली बांधलेली हेल्मेटे उलट माथ्यावर विरळ दिसतात. दुसरा दोष एकसारख्या लांबीच्या, समान अंतरावरच्या पट्ट्या. तिसरा अतिशय गडद रंग : भिजल्यावर ताग आणखी काळवंडतो, म्हणून रंग नेहमी ओल्या कापडावर जोखावा.

जुन्या वस्तूंची हाताळणी : अस्सल हेल्मेटवर गोंद वापरू नये आणि जुना खडबडीत रंग घासू नये; त्यात शिसे असू शकते. मार्क-२ ची आतली बैठक माथ्यावरच्या एकाच स्क्रूने बसवलेली असते. तो गंजलेला असल्यास जबरदस्तीने फिरवला तर बैठकच फाटते. पहिल्या महायुद्धातील ब्रॉडी हेल्मेटांच्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस आढळल्यामुळे २०१४ मध्ये ब्रिटनमधील शाळांना ती मुलांच्या हाती न देण्याची सूचना झाली. अशी बैठक काढू नये, झटकूही नये. ओलसर ताग पोलादाला टेकून राहिला की जाळीच्या नक्षीचाच गंज उमटतो. म्हणून पट्ट्यांसह हेल्मेट पिशवीत बंद न करता हवेशीर ठेवावे.

अस्सलपणा पाहताना गाठीचे पोट सर्वांत बोलके असते. दशकानुदशके उघड्यावर राहिलेली पट्टी बाहेरून फिकी व पिवळसर पडते, कारण तागातील लिग्निन हा लाकडी घटक उजेडाने बदलतो. गाठीच्या आत मात्र मूळ रंग टिकतो. आत-बाहेर एकच रंग म्हणजे संशय. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा धागा बहुधा अलीकडचा, पण जुनी जाळी आजच्या साबणाने धुतली असली तरी ती चमकते. एवढ्या एका चाचणीवर निकाल देऊ नये.

पुरवठा व भारतीय संदर्भ : पट्ट्यांचा ताग मुख्यतः बंगालचा; तो स्कॉटलंडमधील डंडीच्या व कोलकात्याजवळच्या गिरण्यांत विणला जाई. ब्रिटनमध्ये मोठ्या जाळ्यांना पट्ट्या ओवण्याचे काम १९३८ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसच्या स्त्रियांनी केले. जाळी उभ्या चौकटीवर ताणत, आणि रंगवलेल्या तागाच्या धुळीने घसा धरे.

इटलीच्या मोहिमेत ४ थी, ८ वी व १० वी भारतीय डिव्हिजन लढल्या. यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) व नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) यांना ज्या लढायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या याच मोहिमेतील. शीख सैनिक पगडीच बांधत. ब्रह्मदेशाच्या जंगलात पोलादी हेल्मेटपेक्षा रुंद कापडी टोपी अधिक दिसते, त्यामुळे तेथे या पद्धतीला वाव कमी होता.

इतर सैन्ये : अमेरिकी एम-१ हेल्मेटवर जाळी होती, पण पट्ट्या कमी, ब्रिटिश जाळ्याही त्यावर चढवल्या जात. जर्मनांनी ७ जुलै १९१८ च्या आदेशाने रंगाच्या ठिगळांवर भर दिला आणि दुसऱ्या महायुद्धात कापडी खोळी, कोंबड्यांच्या खुराड्याची तारजाळी व पाला खोचण्याचे पट्टे वापरले. तारजाळीत पट्टी गाठवता येत असे, पण तारेची टोके ती लवकर कापत.